बदलापूर लोकल आणि आठ पॉइंट चार

रिपोर्ट फोनवर आला तेव्हा गाडीने नुकतंच ठाणं सोडलं होतं. पीडीएफ उघडायला घेतली. नेटवर्क गेलं, स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. नेटवर्क आल्यावर आकडे दिसले. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२, एचबीए१सी ८.४. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई माझ्या फोनमध्ये डोकावत होती. "शुगर का?" म्हणाली. डॉक्टरांच्या आधी निदान तिनेच केलं.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. या काळात कळलेली मुख्य गोष्ट अशी, की डायबिटीसचे सल्ले बहुतेक करून घरी असणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. वेळेवर जेवा, पाणी भरपूर प्या, सकाळी पाऊण तास चाला, ताण घेऊ नका. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, जाऊन-येऊन रोजचे तीन-साडेतीन तास. यात 'वेळेवर' हा शब्द कुठे बसवायचा? मग मी उलट बाजूने सुरुवात केली. आपल्या दिवसात नेमकं काय होतं आणि त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं, एवढं आधी समजून घेतलं. ते समजलं की सल्ल्यातलं काय घ्यायचं आणि कसं वाकवायचं हे डॉक्टरांशी नीट बोलता येतं.

आधी त्या आकड्यांचं

एका मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? जेमतेम एक छोटा चमचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. शरीर दिवसभर हा एक चमचा सांभाळत असतं. एका वडापावातले पाव, बटाटा आणि बेसन पचून निदान सहा-सात चमचे साखरेइतकी ग्लुकोज तयार होते. ती तासा-दोन तासांत रक्तात येते आणि निरोगी शरीर ती तितक्याच चपळाईने पेशींमध्ये पोचवून पुन्हा एका चमच्यावर येतं. आपल्याला हे आवरणं जमत नाही, आणि डायबिटीस म्हणजे एवढंच. वडापाव गोड नसतो, तरी शुगर वाढते ती यामुळे. गूळ, मध, ज्वारीची भाकरी या सगळ्यांतून शेवटी ग्लुकोजच निघते. भाकरीत तंतू जास्त म्हणून ती जरा सावकाश निघते. गुळाला तेवढंही श्रेय देता येत नाही, तो साखरेचा सख्खा भाऊ.

उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १२६ आणि वर डायबिटीस, मधले काठावरचे. पण हा आकडा म्हणजे एका क्षणाचा फोटो. एचबीए१सीचं तसं नाही. रक्तातली ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि चिकटली की सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, आणि आदल्या दोन दिवसांचा उपास तिला फसवू शकत नाही. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबिटीस. माझं ८.४ म्हणजे सरासरी १९५ च्या आसपास. इथे बायकांनी एक लक्षात ठेवायचं. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

दारात उभ्या राहणाऱ्या

शुगर पेशीत शिरते कशी, यासाठी पुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र असतं. मला लोकलचं उदाहरण जास्त पटतं. प्लॅटफॉर्म म्हणजे रक्त, प्लॅटफॉर्मवरची माणसं म्हणजे ग्लुकोज आणि डबा म्हणजे स्नायूची पेशी. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन माणसांना आत घेण्याची सोय करतं.

आपल्याला वाटतं डायबिटीस म्हणजे इन्सुलिन संपलं. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होतो त्या प्रकारात, सुरुवातीला ते उलट जास्तच असतं. घोळ असतो दारात. रोज अनुभवतोच आपण: आत उभं राहायला जागा असते, पण चार जणी दांडा धरून दारातच ठाण मांडतात आणि त्यांना उतरायचं असतं थेट ठाण्याला. स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत साठलेली चरबी असंच काहीसं करते. इन्सुलिनचा निरोप ती आतपर्यंत जाऊ देत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, म्हणजे मागून रेटा वाढवतं. रेट्याने काही वर्षं काम निभतं आणि रिपोर्टही बरे येतात. पुढे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकतात, रेटा कमी पडतो आणि प्लॅटफॉर्म तुंबतो. तेव्हा कुठे पीडीएफमध्ये ठळक अक्षरात आकडा दिसतो.

"पण तू तर बारीक आहेस!" हे मी डब्यात किमान वीस वेळा ऐकलं. याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपले हातपाय काटकुळे असतात, स्नायू कमी असतात आणि चरबी पोटात आतल्या अवयवांभोवती लपलेली असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप खरं बोलते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की आपल्याकडे धोका धरतात. माझी ८६ होती, कुर्त्यात दिसत नव्हती एवढंच.

यकृताचा भाग मला सर्वांत उशिरा समजला. रात्री वाटीभर डाळ पिऊन झोपले तरी सकाळी शुगर १५०. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होते. खरं म्हणजे यकृत हे आपलं कारशेड. आपण झोपलेलो असताना मेंदूला ग्लुकोज लागते, ती यकृत पुरवतं. पहाटे अंगातली काही संप्रेरकं वाढतात, आपल्याला उठवायची तयारी सुरू होते, आणि कारशेडमधून जादा गाड्या सुटायला लागतात. निरोगी माणसात इन्सुलिन त्यांना आवरतं. आपल्यात त्या सुटतच राहतात. सुरुवातीला बहुतेकांना दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः इथे काम करते. ती कारशेडचा पुरवठा कमी करते.

आणि एक चोरवाट आहे. स्नायू काम करत असले की इन्सुलिनची फार वाट न बघता ग्लुकोज आत ओढून घेतात. गर्दीत उलट्या बाजूने, रुळांवरून चढणारे असतात ना, तसं. (लोकलमध्ये हे करू नका, जीव जातो. शरीरात जरूर करा.) म्हणून जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं कामाचं. 'लोकलची धावपळ होते की रोज' असं मीही म्हणायचे. मोबाइलवर पावलं मोजली तेव्हा दिसलं, की माझी धावपळ म्हणजे पुलाचे दोन जिने आणि दीड तास एका जागी उभं राहून घाम गाळणं. दमणूक भरपूर, हालचाल थोडी. आता दुपारचा डबा खाल्ला की मी फोर्टात एक फेरी मारते. सकाळी पाऊण तास चालायला मी पावणेचारला उठणार नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनीही आग्रह धरला नाही. कमी झोपेनेही इन्सुलिनचं काम बिघडतं, असं तेच म्हणाले.

लघवीचा प्रश्न

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत खेचून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, सोबत पाणी घेऊन जाते. म्हणून सारखी लघवी, त्यामुळे तहान, तहानेपोटी पाणी आणि पुन्हा लघवी. निदानाच्या आधीचे चार महिने मी कल्याण यायच्या आत अस्वस्थ व्हायचे आणि समजायचे की वय झालं.

लोकलमध्ये संडास नसतो. स्टेशनवरच्यांबद्दल न बोललेलंच बरं. डब्यातल्या निम्म्या बायका यावर एकच उपाय करतात, घरून निघताना पाणी पीत नाहीत. डायबिटीसमध्ये हा उपाय महागात पडतो. पाणी कमी झालं की रक्त आटतं आणि शुगरचा आकडा आणखी चढतो. साखर उतरलेली लघवी तासन् तास धरून ठेवली की जंतूंची चंगळ होते. खाज, जळजळ, बुरशी हे सगळं मी भोगलं. शुगर १८० च्या खाली राहायला लागली तशी ही घाई आपोआप ओसरली. माझ्यासाठी तोच पहिला खरा फायदा होता, एचबीए१सीचा आकडा नंतर आला.

गोळ्या लिहून घेताना आपला प्रवास डॉक्टरांना सांगायचा तो यासाठीही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या काम करतात त्याच मुळी शुगर लघवीवाटे बाहेर टाकून. हृदय आणि मूत्रपिंडासाठी चांगल्या आहेत, पण लघवी वाढते, बुरशीचा त्रास होऊ शकतो आणि पाणी प्यावंच लागतं. मेटफॉर्मिनची गंमत निराळी. पहिले काही दिवस ती पोट बिघडवते. माझं विठ्ठलवाडी ते डोंबिवलीच्या दरम्यान बिघडलं, पुढचं सांगत नाही. लहान डोसने सुरुवात, जेवणासोबत घेणं आणि सावकाश विरघळणारी गोळी यांनी ते बहुतेकांचं थांबतं. आधी विचारलं असतं तर रात्रीच्या जेवणासोबत सुरू केली असती.

अडकलेली गाडी

शुगर वाढणं वर्षानुवर्षं हळूहळू नुकसान करतं. कमी होण्याला मात्र वीस मिनिटं पुरतात, आणि प्रवासात खरी भीती हिचीच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची गाडी, कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. आमच्या ग्रुपमधल्या मावशी खिडकीत होत्या. एरवी शांत बाई. अर्ध्या तासाने एकदम एका कॉलेजच्या मुलीवर खेकसल्या, बॅग लागली म्हणून. मग गप्प. मी पाहिलं तर पंखा डोक्यावर असूनही गळ्याशी घाम, पिशवीची चेन लावायचा प्रयत्न चाललेला आणि बोटं थरथरत होती. "मावशी, दुपारी जेवलात का?" तर म्हणाल्या, "मीटिंग होती गं." गोळी मात्र सकाळी घेतलेली. ती होती ग्लिमेपिराइड.

गोळ्यांमधला हा फरक प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर शोधून काढावा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची गोष्ट वेगळी. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. जेवण चुकलं की प्लॅटफॉर्म रिकामा होतो. ७० च्या खाली शुगर गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं: घाम, धडधड, थरथर, भूक, चिडचिड. आणखी खाली मेंदूलाच ग्लुकोज कमी पडते. माणूस असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा वागतो, बेशुद्ध पडतो. गर्दीच्या डब्यात घाम आणि चिडचिड सगळ्यांनाच असते, त्यामुळे ही घंटा ऐकूच येत नाही.

आम्ही सगळ्यांनी पर्स उपसल्या. एकीकडून चॉकलेट निघालं, दुसरीकडून सत्यनारायणाचे पेढे. दोन्ही चुकीचे, हे मला नंतर कळलं. चॉकलेटमध्ये आणि पेढ्यात स्निग्ध पदार्थ असतात, ते पोट सावकाश रिकामं करतात आणि साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी लागते नुसती साखर: तीन-चार चमचे ग्लुकोजची पावडर किंवा घरातली साखर पाण्यात ढवळून, किंवा छोटं खोकं भरून गोड फळांचा रस. साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबायचं, मोजता आलं तर मोजायचं, सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की मग बिस्किट, पोळी, जे असेल ते खायचं, नाहीतर शुगर पुन्हा घसरते. 'शुगर फ्री' थंड पेय या कामाला शून्य उपयोगाचं. आणि माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, पुढच्या स्टेशनात उतरवायचं, रेल्वेचा १३९ किंवा रुग्णवाहिकेचा १०८ लावायचा.

त्या दिवशी त्या कॉलेजच्या मुलीकडेच लिंबू सरबताची बाटली निघाली. जिच्यावर मावशी खेकसल्या होत्या तीच. दहा-बारा मिनिटांत मावशी माणसात आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "घरी सांगू नका हं."

तेव्हापासून ग्लुकोजची पुडी माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असते, माझ्या गोळ्यांनी शुगर फारशी पडत नसली तरी. फुटाणे किंवा शेंगदाणे वेगळ्या डबीत. ते गाडी अडकल्यावरच्या भुकेसाठी, शुगर पडल्यावर त्यांचा उपयोग नाही. आणि ग्रुपमधल्या दोघींना मी माझं सांगून ठेवलंय. सगळ्यांना सांगायचं नाही. सगळ्यांना सांगितलं की कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर आणि कुणाच्या तरी दिराने गोळ्या कशा सोडल्या ते कल्याण ते कर्जतपर्यंत ऐकावं लागतं. मेथी, कारलं खुशाल खा, भाजी म्हणून चांगलीच आहेत. गोळी त्यांच्या भरवशावर सोडू नका. दसऱ्याला डबा सजवून पूजा होते तेव्हा मी पेढा घेते, अर्धा खाते, अर्धा रुमालात. भांडण टळतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एवढंच, की चालू पेन नेहमीच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकतं, पण तापलेल्या बॅगेत किंवा बर्फाला चिकटून नाही. मेच्या दुपारी ते डब्याच्या पिशवीत पोळीभाजीशेजारी ठेवू नका.

भांडण आणि संत्रं

चिडल्यावर शुगर वाढते का? वाढते. अड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल यकृताला ग्लुकोज सोडायला सांगतात. शरीराला वाटतं वाघ आलाय, पळायला इंधन हवं. आपण पळत नाही, तिथेच उभं राहून "सरकून घ्या" म्हणत राहतो आणि इंधन रक्तात पडून राहतं. सीटवरून झालेल्या एका सणसणीत भांडणानंतर मी ऑफिसात पोचून मोजली तर २१०. एका आकड्यावरून सिद्ध काही होत नाही, पण त्यानंतर मी चौथ्या सीटवरचा हक्क सोडून दिला.

आणखी एकदा घरी आल्या आल्या मोजली तर २४०! हादरले. मग आठवलं, गाडीत संत्रं सोललं होतं. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं, १५८. बोटाला लागलेला फळाचा रस यंत्राला कळत नाही, ते त्यालाही रक्तच समजतं. शिवाय घरचं यंत्र प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं. १४० आणि १५० मधला फरक मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

पायांकडे मात्र लक्ष हवं. गर्दीत पायावर पाय पडतोच. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली तर पायांच्या नसा बधिर होतात, जखम होते आणि कळत नाही. टाइप २ कधी सुरू झाला हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून निदान झालं त्याच महिन्यात पाय, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घेतात. मी सँडल सोडून बंद बूट घेतले. साडीवर ते शोभत नाहीत, हे मला तीन जणींनी सांगितलं.

डोळ्यांच्या बाबतीत मी पैसे वाया घालवले. शुगर चढली की डोळ्याच्या भिंगात पाणी शिरतं आणि भिंगाचा आकार बदलतो. उतरायला लागली की भिंग पुन्हा पूर्ववत होतं. दोन्ही वेळा अंधुक दिसतं, आणि शुगर स्थिर झाली की काही आठवड्यांत ठीक होतं. पडदा लगेच तपासायचा, पण चष्म्याचा नंबर त्या काळात काढायचा नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. स्टेशनवरचा इंडिकेटर दिसेना म्हणून मी पहिल्याच महिन्यात तीन हजार दोनशे रुपयांचा नवा चष्मा करून घेतला. आता एचबीए१सी ७.१ आहे आणि जुन्याच चष्म्याने इंडिकेटर अगदी ठळक दिसतो, गाडी यायला किती मिनिटं आहेत त्या आकड्यासकट. नवा कपाटात पडून आहे.